माझी बाजू घेणारा दिवा

१२ मे, पहाटेच्या नमाजानंतर

काल शाळेमागच्या पॉप्लरच्या झाडाखाली बैठक झाली आणि गावाने दिवा विकत घ्यायचं ठरवलं. घरात लावायचा दिवा नव्हे. हा पिस्तुलासारखा हातात धरून चालत्या इंजिनावर रोखायचा असतो. प्लगमध्ये ठिणगी पडली की तो लुकलुकतो, आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण त्या उजेडात जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. खूण कुठे उभी आहे ते बघायचं आणि ठिणगी वेळेवर पडते की नाही ते ठरवायचं. थोडक्यात, ज्याला ऐकता येत नाही त्याने बघायचं. लंगड्याला कुबडी, तसा हा दिवा. आमच्या गावात लंगडं कुणी नाही, पण कुबडीची हौस आली आहे.

ही हौस कुबात मास्तरची. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. पस्तिशीचा आहे, पण हातावर ग्रीसचा एक डाग नाही. जापारची गाडी खिंडीत दुसऱ्यांदा उकळली, तर म्हणे टायमिंग तपासायला साधन हवं. जापारला गाडी हाकता येत नाही, त्याला साधन काय करणार? पण म्हाताऱ्या दोलोतने दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दिवा घेऊ. पण निवडेल ओरोझाली उस्ताच. आपल्यात जाणता तोच."

मेंढीलाच सुरी निवडायला पाठवलं. मी मान डोलावली. मोठ्यांना नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

सत्तावीस वर्षं मी टायमिंग कानाने लावतो आहे. सामुदायिक शेतीच्या गॅरेजात म्हाताऱ्या स्तेपानने शिकवलं. गाडी चौथ्या गियरमध्ये चाळीसवर आणायची, पाय पूर्ण दाबायचा आणि ऐकायचं. पिस्टनमधल्या खिळ्याला आम्ही बोट म्हणतो. ती बोटं दोन-तीन सेकंद वाजली पाहिजेत, डब्यात खडे हलवावेत तशी, आणि मग गप्प झाली पाहिजेत. वाजलीच नाहीत तर ठिणगी उशिरा पडते, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवायचा. वाजतच राहिली तर ठिणगी फार लवकर पडते, मग मागे. याला दिवा लागत नाही, बटण लागत नाही. अल्लाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिलंय ते पुरतं. बारा वर्षं सायलेन्सर नसलेल्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे उभं राहून मी हे कान तयार केले आहेत.

आणि हे काम काही गंमत नाही. गावची व्हॅन, पावाच्या लादीच्या आकाराची जुनी बुखांका, माझा मेहुणा तेमिरकुल चालवतो. गावातलं दुखणाईत, बाळंतीण, जे कुणी इस्पितळात जातं ते तिच्यातून खिंड चढून जातं. तिचं टायमिंग आजवर माझ्याशिवाय कुणी लावलेलं नाही. जुलैअखेर माझी सून गुलझिना तिच्यातूनच जाईल. मुलगा रशियात बांधकामावर आहे. सून आणि पोटातलं बाळ माझ्या भरवशावर ठेवून गेला आहे.

१७ मे

या वर्षी चंडोल आले नाहीत. पूर्वी पहाटे अंगणात उभं राहिलं की आभाळ किलबिलत असायचं. आता पाखरंही आळशी झाली.

नवा मौलवी तर कमालच आहे. तरणाबांड पोरगा, भोंग्यासमोर उभा राहून अजान देतो, आणि ऐकू येते ती गोधडीखालून दिल्यासारखी. जुन्या मौलवींचा आवाज नदीपलीकडे जायचा, तोही भोंग्याशिवाय. काल त्याला म्हटलं, "पोरा, जरा दूध पीत जा." तो लाजून हसला. दोलोत शेजारीच होता. तो म्हणाला, "ओरोझाली, अरे याच्या आवाजाने माझी मेंढरं बुजतात." म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं.

माझ्या बायकोला, सायराला सुद्धा भिंतीशी बोलायची सवय लागली आहे. माझ्याकडे पाठ करून चुलीत पुटपुटते आणि मग वळून कमरेवर हात ठेवते. "अहो, तीनदा सांगितलं, किटली उतरवा म्हणून! शिट्टी मारून मारून बिचारी कोरडी पडली." मी म्हटलं, किटलीची शिट्टी बिघडली आहे, नवी आण. तिने फडकं घेतलं. मग किटली उतरवली.

२६ मे

पेट्रोलात आता दम उरलेला नाही. काय मिसळतात ते अल्लालाच ठाऊक. गावातली एकही गाडी धड वाजत नाही. सुलतानची गाडी चार वेळा चढावर नेली, चारही वेळा बोटं मुकी. डिस्ट्रिब्युटर पुढे, आणखी पुढे, तेव्हा कुठे किंचित काही ऐकल्यासारखं झालं. स्तेपान असता तर पेट्रोलवाल्याच्या टाकीत थुंकला असता.

बुखांकाचंही तेच. बराच पुढे घ्यावा लागला. त्यानंतर तेमिरकुल अंगठा सुजवून आला. बॅटरी जुनी आहे म्हणून तो समोरून दांडा घालून इंजिन फिरवतो. दांड्याने उलटा झटका दिला.

"दाजी, पूर्वी असं करत नव्हती हो ही."

"अंगठा दांड्याच्या वरच्या बाजूला ठेवायचा असतो. खाली घालून मूठ वळलीस ना?"

"वरच होता, दाजी."

"मग सूज आली कशी?"

तो अंगठ्यावर फुंकर घालत निघून गेला. दांडा कसा धरायचा हेसुद्धा ज्यांना शिकवावं लागतं, त्यांना दिवे हवेत.

४ जून

परवा मास्तरला घेऊन बिश्केकच्या मोटार बाजारात गेलो. गावाने त्याला माझ्याबरोबर लावून दिलं, माझ्यावर पहारा म्हणून असेल. गाडी माझी झिगुली, मी स्वतः लावलेली. दिवा पारखायचा तर त्याच्यासमोर खरं इंजिन हवं.

खिंडीच्या चढाला मास्तर चुळबुळ करू लागला. खिडकीची काच खाली केली, वर केली.

"उस्ता, गाडी वाजतेय का हो?"

"काय वाजतेय?"

"नाही, म्हणजे... बोटं."

"तुझे दात वाजत असतील. काच लाव, थंडी आहे."

त्याने काच लावली. माथ्याच्या अलीकडे पुन्हा काहीतरी म्हणाला, मी लक्ष दिलं नाही. माथ्यावर पाणी उकळलं, तेव्हा मी त्याला जुन्या रेडिएटरबद्दल समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मास्तर लोक ऐकून घेतात, शिकत नाहीत.

बाजार म्हणजे लोखंडी डब्यांच्या गल्ल्या. दिव्यांचं दुकान वेरा नावाच्या जाड बाईचं. स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि टरफलं गिऱ्हाइकाच्या पायावर पडतील अशा बेताने थुंकत होती.

"काय हवंय, काका?"

"टायमिंगचा दिवा. मला नकोय, गावाला हवाय."

"सगळे असंच म्हणतात. औषधाच्या दुकानातही."

तिने सात दिवे मांडले. एकेकाचं सांगतो. पहिला छोटा, निऑनचा. उन्हात तो लागला की विझला हे कळायला दुसरा दिवा हवा. इंजिनावर गोधडी पांघरून आत डोकं घालायचं, म्हणजे तो दिसतो. दुसऱ्याला प्लगची वायर काढून मधेच जोडावं लागतं. इंजिन चालू असताना वायर निसटली की टायमिंग राहतं बाजूला, माणसाचेच केस उभे राहतात. तिसरा चिमट्याचा, पहिल्या प्लगच्या वायरीवर नुसता चिमटा लावायचा. बरा, पण त्याची बॅटरीची वायर एवढी आखूड की पंख्याला खेटून उभं राहावं लागतं. ज्याने हा बनवला त्याची बोटं शाबूत नसावीत. चौथा आणि पाचवा एकाच आईची लेकरं, रंग फक्त वेगळा. सहाव्याला मागे आकड्यांचं बटण होतं, जितके अंश फिरवाल तितकी खूण सरकलेली दिसते, आणि सातव्यावर आकडे स्वतःच उमटत होते, म्हणजे माणसाने वाचण्यापुरतं उरायचं.

मास्तर प्रत्येक दिवा उलटा-सुलटा करून बघत होता. वायर किती लांब, चिमट्याचा जबडा लोखंडी की प्लास्टिकचा, भर उन्हात दिसतो का, जुन्या मोटरसायकलींच्या सहा व्होल्टवर चालेल का. जशी काही बायकोच निवडतोय.

"बटणवाला बरा, उस्ता," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या रेघा गंजून गेलेल्या असतात. एकच रेघ शाबूत असली तरी बटणाने अंश मोजता येतील."

"आधी खरं बोलतो का ते बघू," मी म्हटलं.

झिगुली चालू केली. पुलीच्या खुणेला खडू लावला. कव्हरवर तीन रेघा असतात, खूण मधल्या रेघेपाशी उभी राहायला हवी. पहिला दिवा लावला. खूण तिन्ही रेघांच्या पार पलीकडे, अंगठाभर लांब. दुसरा लावला, तसंच. तिसरा, चौथा, सातही. एकाच ठिकाणी, अंगठाभर लांब.

मला हसू आलं. "सात दिवे आणि साती खोटारडे. आणि एकी बघा कशी! सगळे एकच खोटं बोलतात."

वेराने टरफल थुंकलं. "काका, सात साक्षीदार एकच सांगायला लागले की आमच्याकडे कोर्ट आरोपीकडे बघतं."

"ही गाडी मी लावली आहे, बाई."

"तेच म्हणते मी."

मास्तर आपल्या बुटांकडे बघत उभा होता. बूट चांगले होते, पण इतका वेळ बघण्यासारखे नव्हते.

मी निघणारच होतो, तेवढ्यात टेबलाखालच्या खोक्यात एक दिवा दिसला. जुना, लोखंडी अंगाचा, आमच्या काळातला. मागे मोठं काळं बटण. हातात घेतल्यावर वजन कळलं. बटण पाचावर ठेवून लावला, आणि खूण सरळ येऊन रेघेवर उभी राहिली. केसाचाही फरक नाही.

"हा घे इमानदार," मी म्हणालो.

मास्तरने दिवा हातात घेतला, बटण हलवलं. ते दांडीवर सैल फिरत होतं. "उस्ता, याचा स्क्रू गेलाय. बटण दाखवतं पाच, आत असतील पंधरा."

"तुला एक स्क्रू दिसला. मला खूण दिसली."

"अहो, तो मी भंगारात काढलाय," वेरा म्हणाली. "फुकट न्या."

कारागिराने हत्यार फुकट घेऊ नये. मी तिला सायराने बांधून दिलेली कुरुतची पुरचुंडी दिली, दह्याच्या खारट गोळ्यांची. तिने एक तोंडात टाकली आणि पहिल्यांदाच काही थुंकलं नाही. गावाचे पैसे वाचले ते मी मास्तरच्या हातात दिले, दोलोतला परत कर म्हणून. मी प्लग बघत होतो तेव्हा तो पुन्हा दुकानात जाऊन आला. परतताना त्याच्या सीटखाली एक पुडकं होतं. बायकोसाठी काहीतरी घेतलं असणार. तिला भितो, हे गावाला माहीत आहे.

१९ जून

पंधरा दिवसांत गावातल्या अकरा गाड्या लावल्या. आधी कानाने लावतो, मग दिव्याने बघतो. दरवेळी दिवा माझ्याशी सहमत. खूण रेघेवर. लोक आता वाद घालत नाहीत. हूड उघडतात, मी लावतो, "रहमत, उस्ता" म्हणत आभार मानतात आणि निघून जातात.

आणि गाड्या पळतात! जापारची खिंडीत उकळत नाही. सुलतान सांगतो, चढाला पूर्वी तिसऱ्यात यायचा, आता चौथ्यात येतो. मी म्हटलं, "मिळाली ना अक्कल? दिवा काय करतो? दिवा फक्त मान डोलावतो. काम कानाचं." सुलतानने टोपी काढून डोकं खाजवलं. "हो उस्ता, तुमच्यामुळेच." म्हणाला आणि जापारकडे बघून टोपी पुन्हा घातली. त्यांना आभार मानताही धड येत नाहीत.

एक विचित्र गोष्ट लिहून ठेवतो. माझ्याकडून निघालेली गाडी घरी जाताना शाळेवरून का जाते? जापारचं घर नदीकडे आहे.

२ जुलै

झिगुली मेली. चढाला जोर गेला, पांढरा धूर आला. उघडून बघितलं तर दुसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक. पेट्रोल! दुसरं काय?

गावातल्या सगळ्या गाड्या ठीक आहेत, फक्त माझी गेली आणि तेमिरकुलची बुखांका उकळते. म्हणजे दोन्ही गाड्या माझ्याच घरच्या. सायरा म्हणाली, नजर लागली. मला हे पटत नाही, अल्लाशिवाय कुणाची नजर माणसाचं काही करत नाही. पण तिने अर्चा नावाच्या सुवासिक झाडाच्या डहाळ्या पेटवून आणल्या आणि झिगुलीच्या हुडाखाली धूर दिला. मी दिवा घेऊन बाजूला उभा होतो. तिने दिव्यालाही धूर दिला. मी म्हटलं, "त्याला कशाला?" ती म्हणाली, "असू दे. मला तो आवडत नाही."

बायकांचं हे असं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात कुणीतरी माझ्याशी सहमत आहे, तर तो हिला आवडत नाही.

११ जुलै

तेमिरकुल तणतणत आला. "दाजी, मास्तर बुखांकाजवळ घुटमळत होता. हातात काहीतरी पुडकं. म्हणे, नुसतं बघू दे. म्हटलं, माझ्या दाजींनी लावलेल्या गाडीला हात लावलास तर तोच दांडा तुझ्या बरगडीत."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'तेमिरकुल, गुलझिनासाठी तरी.' मी म्हटलं, गुलझिना माझ्या बहिणीची सून आहे, तुझी कोण?"

गावात निष्ठा म्हणून काही उरलं आहे ते या एका माणसात. सायराला बोलावून त्याला दोन वाट्या कुमिस, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पाजला. त्याचा अंगठा अजून निळा आहे. दांडा धरायला अजून शिकला नाही, पण मन सोन्याचं.

मास्तरबद्दल वाईट वाटतं. ज्याला काहीच करता येत नाही तो दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतो. काल नमाजात त्याच्यासाठी दुआ मागितली, की याला स्वतःचं असं काहीतरी मिळू दे.

२६ जुलै, इस्पितळाच्या ओसरीवर

आज जे लिहायचं आहे ते लिहायला दोन दिवस लागले.

परवा पहाटे गुलझिनाच्या कळा सुरू झाल्या. पाच दिवस आधी. गावातल्या बहुतेक गाड्या वर कुरणात कळपांबरोबर. आणि बाई आडवी नेता येईल अशी गाडी एकच, बुखांका. सायरा आणि शेजारणींनी तिला आत निजवलं. तेमिरकुलने समोरून दांडा घातला. पहिला फेरा, दुसरा, आणि तिसऱ्याला दांड्याने असा उलटा तडाखा दिला की तो चार हात लांब पडला. मनगट नको त्या ठिकाणी वाकलं होतं. अंगठा वर होता. मी डोळ्यांनी पाहिलं, अंगठा वरच होता.

मी दांडा उचलला. माझ्या मनात तेव्हाही हेच होतं की यांना धरता येत नाही, मी धरतो. मास्तर धावत आला. पायात बूट एकच, हातात ते पुडकं. माझ्या आणि गाडीच्या मधे उभा राहिला.

"उस्ता, आता नाही. ठिणगी लवकर पडते म्हणून दांडा उलटतो. डिस्ट्रिब्युटर आधी थोडा मागे घ्या. मग मारा."

"बाजूला हो."

"होतो. पण तुमचं मनगट मोडल्यावर खिंड चढवणार कोण?"

आतून गुलझिना ओरडली. ते मला ऐकू आलं, किंवा सायराचं तोंड बघून कळलं. आता खात्रीने सांगता येत नाही.

मी डिस्ट्रिब्युटर अंदाजाने थोडा मागे घेतला. बायकांनी आणि म्हाताऱ्या दोलोतने मिळून गाडी उतारावर ढकलली, ती चालू झाली. मास्तरने पुडकं सोडलं. आत सहावा दिवा होता, बटणवाला. गावाच्या पैशांतून घेतलेला. त्याने तो लावून माझ्या हातात दिला. मागे घेऊनही खूण अजून बरीच लांब होती. मी घरातून माझा दिवा मागवला, तोही लावला. माझा दिवा म्हणाला, ठिणगी उशिरा पडते आहे, आणखी पुढे घे.

एक दिवा मागे म्हणतो, एक पुढे. मला ती जाड बाई आणि तिचं कोर्ट आठवलं.

मी गाडीत बसून पाय झटक्याने दाबला आणि सगळ्यांना विचारलं, "बोटं वाजतायत का?" दोलोतने जमिनीकडे बघितलं. शेवटी आतून गुलझिनाच म्हणाली, आणि तिचं म्हणणं सायराने माझ्या कानाशी येऊन सांगितलं. "म्हणते, बाबा, पातेल्यात खडे ढवळल्यासारखं वाजतंय. कधीपासूनचं वाजतंय."

मी काहीही ऐकलं नव्हतं. इंजिनाची घरघर होती, आणि तिच्यावर जिथे तो आवाज असायचा तिथे काही नव्हतं. मग मला चंडोल आठवले, आणि मौलवी, आणि किटली. एकेक करून नाही, सगळे एकदमच येऊन उभे राहिले.

"मास्तर," मी म्हटलं, "बिश्केकला जाताना वाजत होती?"

"हो उस्ता. चढ लागल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. दोनदा."

"जापारची गाडी?"

"मी मागे घेतली."

"सुलतानची?"

"तीही."

"किती?"

"बुखांका आणि तुमची सोडून सगळ्या." मग घाईघाईने म्हणाला, "दोलोत आजोबांनी ठरवलं. म्हणाले, उस्ताला कुणी तोंडावर सांगायचं नाही. आधी त्याच्याकडे जायचं, मग शाळेमागे यायचं."

मी दोलोतकडे बघितलं. हा ऐंशीचा म्हातारा अख्ख्या गावाला माझ्यासाठी खोटं बोलायला लावत होता, आणि त्यापायी माझ्या सुनेची गाडी राहून गेली. रागवायला वेळ नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना मूर्ख म्हटलं आहे, पण त्यांतल्या कुणी भंगारातला दिवा मुद्दाम निवडून आणला नव्हता.

"धर दिवा," मी मास्तरला म्हटलं. त्याने दिवा धरला, मी डिस्ट्रिब्युटर फिरवला. खूण हळूहळू सरकत आली आणि रेघेपाशी उभी राहिली. हवेत थिजल्यासारखी. सुंदर दिसत होती, हे कबूल करतो. मी बोल्ट आवळला.

खिंड मी चढवली. सायराला सुनेच्या उशाशी बसवलं, पण तोंड माझ्याकडे करून. प्रत्येक वळणाला पाय दाबून विचारायचो, "वाजतंय?" ती मान हलवून नाही म्हणायची. तिसऱ्या वळणावर तिने बोट वर केलं, "किंचित. आता गेलं." दोन-तीन सेकंद. म्हणजे अगदी बरोबर. स्तेपानने असंच शिकवलं होतं. फरक एवढाच की कान आता तिचा होता. आरशात मागच्या बाकावर तेमिरकुल दिसत होता, मनगट ओढणीत बांधलेलं. म्हणाला असेल काहीतरी. ओठांवरून "दाजी" एवढं वाचता आलं.

माथ्यावर पाणी उकळलं नाही. दहाला इस्पितळात पोचलो. बाराला नातू झाला. सगळं ठीक आहे.

तेमिरकुलच्या हाताला प्लास्टर घातलं आहे. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "दाजी, अंगठा वरच होता हो." म्हटलं, "पाहिलं मी."

२ ऑगस्ट

घरी. बाळाचं नाव ठेवायचा दिवस. कानात अजान देऊन नाव सांगायचं असतं. मौलवी आला होता, पण दोलोत म्हणाला, आजोबाने द्यावी. मी म्हटलं, मौलवीच बरा, माझा आवाज किती मोठा निघतो हे मला कळत नाही. अर्ध्या गावासमोर म्हटलं. हसायचं तर हसा, म्हटलं. कुणी हसलं नाही. याचाही मला थोडा राग आला. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मौलवी म्हणाला, "उस्ता, मी जरा जास्त दूध पिऊन येईन, पण आज तुम्हीच द्या." मग सगळे हसले. पोरगा वाटतो तेवढा बावळट नाही.

कालच मास्तरचा दिवा गॅरेजात खिडकीपाशी ठेवला. तो आठवड्यातून दोनदा येणार आहे. वायर बघायला, म्हणतो. माझा लोखंडी दिवा दारामागच्या खिळ्याला टांगला आहे. फेकणार नाही. अख्ख्या बाजारात माझी बाजू घेणारा तेवढा एकच निघाला. त्याची ओळख विसरायला नको.

बाळ हातात घेतलं. सायरा बाजूला उभी राहिली आणि तिने माझा दंड धरला. "जोरात झालं की दाबीन," म्हणाली.

मी सुरुवात केली. मला वाटलं, कुजबुजतो आहे. तिने दंड दाबला. आवाज खाली आणला. तिने पुन्हा दाबला. बाळाचं तोंड उघडलेलं होतं, कपाळावर आठ्या. आणखी खाली आणला. पुन्हा दाब. मी खाली, खाली येत गेलो, आणि शेवटी माझे शब्द मला ऐकू येईनासे झाले, फक्त ओठ हलताना कळत होते. तेव्हा तिने हात काढून घेतला.

बाळाने तोंड मिटलं आणि मान माझ्याकडे वळवली.